शेवटच्या फेरीनंतरची दिवाडी

डिसेंबर जवळ आला की मुंबई-पुण्याहून विचारणा सुरू होते: गोव्यात चार दिवस एखादं बेट आपल्यापुरतं मिळेल का? खासगी, शांत, पाण्याने वेढलेलं? जाहिराती तसं म्हणतातही. गाडी दारात उभी राहिली की कळतं, ते ‘बेट’ म्हणजे पुलाने जोडलेल्या गावातली भिंत घातलेली बाग आहे.

गोव्यात बेटं दोन तऱ्हांची. मांडवी, म्हापसा आणि जुवारी नद्यांच्या मुखाकडची बेटं खाऱ्या पाण्यातली, वस्तीची, शेतीची. समुद्रातली बेटं खडकाळ, आणि तिथे पर्यटकाला मुक्काम करता येत नाही. संपूर्ण बेट भाड्याने घेण्याचा हट्ट सोडला तरी एकांत भरपूर मिळतो, तो मात्र भरती-ओहोटीच्या आणि फेरीबोटीच्या वेळापत्रकात बसवावा लागतो. मार्गशीर्ष शुद्ध एकादशी ते पौर्णिमा या पाच दिवसांत तीन नद्या आणि दोन किनारे पाहून लिहिलेली ही नोंद.

दिवस पहिला, एकादशी: जुने गोवे ते दिवाडी

कोकणकन्या आणि मांडवी या दोन्ही गाड्या करमळीला थांबतात. दिवाडीला जायचं तर मडगावला उतरण्यात अर्थ नाही. करमळीहून जुन्या गोव्याचा फेरीधक्का अगदी जवळ. व्हाइसरॉयच्या कमानीखालून रस्ता सरळ नदीत उतरतो.

धक्क्यावर पोचलो तेव्हा दुपारचे पावणेदोन वाजले होते आणि पाणी पार खाली गेलं होतं. ओहोटीला उताराचा खालचा भाग उघडा पडतो. त्यावर हिरवं शेवाळ आणि गाळ यांचा थर असतो, आणि दुचाक्या पडतात त्या तिथेच. चढताना-उतरताना पहिला गियर, पुढचा ब्रेक अजिबात नाही, मागे बसलेल्याने उतरून चालत जायचं. चारचाकी फेरीत चढली की हँडब्रेक ओढून गाडी गियरमध्ये ठेवायची. रात्रीची फेरी असेल तर हेडलाइट बंद करायचे, कारण सुकाणूवरच्या माणसाच्या डोळ्यांवर उजेड आला तर त्याला पलीकडचा धक्का दिसत नाही. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. पलीकडे पोचायला पाच-सात मिनिटं पुरतात.

दिवाडीला पूल नाही. जुने गोवे, रायबंदर आणि डिचोली बाजूचं नार्वे अशा तीन ठिकाणांहून फेरी येते, बस. या बेटाची शांतता त्यामुळेच टिकून आहे. फेरी उतरली की रस्ता खाजनातून, म्हणजे नदीकाठच्या सखल शेतजमिनीतून जातो. दोन्हीकडे पाणथळ शेतं, मधून बांध, बगळे आणि दूर पिएदादची टेकडी. वस्ती टेकडीच्या पायथ्याला आणि मळार-नार्वेच्या बाजूला आहे.

मुक्कामाला जुनं घर घ्यावं: मंगळुरी कौलं, पुढे बाल्कांव म्हणजे दारापुढची बसायची ओटी, मागे विहीर. घर ठरवण्याआधी फोनवर विचारायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. घर पूर्ण मिळणार की एक खोली? पाणी विहिरीचं की नळाचं, आणि पिण्याचं कोणतं? वीज गेली तर इन्व्हर्टरवर पंखा चालतो की फक्त दिवा? फेरीधक्का किती लांब? स्वयंपाक कोण करणार आणि मासळीचं आदल्या दिवशी किती वाजेपर्यंत सांगायचं? शेवटचा प्रश्न नोंदणीचा. १९८२च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटकांना राहायला देणाऱ्या घराची पर्यटन खात्याकडे नोंद लागते. नोंदणी क्रमांक विचारला की उत्तर लगेच आलं पाहिजे. जो टाळाटाळ करतो त्याला आगाऊ रक्कम पाठवू नये.

एकादशी म्हणून घरात मासळी शिजत नव्हती. अळसांद्यांचं, म्हणजे चवळीचं, तोणाक (वाटणाची रस्सा-उसळ), उंडे म्हणजे गोल पाव, आणि कोकमाची कढी. तोणाकाच्या वाटणातलं खोबरं चांगलं करपवट भाजलेलं होतं आणि चव त्यातच होती.

रात्री शेवटची फेरी गेली. मग दिवाडीवर फक्त दिवाडीची माणसं आणि मुक्कामाला आलेले थोडे पाहुणे उरतात. नदीपलीकडे जुन्या गोव्याचे दिवे दिसतात, महामार्गाची घरघर ऐकू येते, पण तिकडून आता कोणी येणार नसतं. पैसे देऊन विकत घेतलेल्या बेटावरही याहून वेगळं काही मिळत नाही. त्या शेवटच्या फेरीची वेळ धक्क्यावरच्या कर्मचाऱ्याला तोंडी विचारून घ्या. इंटरनेटवरच्या वेळा जुन्या असतात. आजारपण आलं तर १०८ला फोन करताना आपण दिवाडीवर आहोत आणि कोणत्या धक्क्याजवळ आहोत हे पहिल्याच वाक्यात सांगायचं. मोठं रुग्णालय बांबोळीचं गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालय), म्हणजे मध्ये नदी आहेच. हृदयविकार असलेलं किंवा दिवस भरत आलेलं कोणी सोबत असेल तर हे बेट मुक्कामासाठी निवडू नये.

तारखांचंही पाहा. ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त असतं आणि त्याआधीचे नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे प्रार्थना. त्या काळात या धक्क्याकडच्या रस्त्यावर गाडी पुढे सरकत नाही, रायबंदरकडून यावं. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडीवर बोंदेराम, म्हणजे झेंड्यांचा उत्सव असतो. तो पाहायला जरूर यावं, एकांतासाठी मात्र नाही.

दिवस दुसरा, द्वादशी: नार्वे आणि मानस

पहाटे धुकं होतं. डिसेंबर-जानेवारीत मांडवीवर ते इतकं दाट उतरतं की समोरचा काठ दिसत नाही. धुक्यातूनच पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा ऐकू आला. उंडो, पोळी, काकण या पावांतलं जे हवं ते त्या भोंग्याच्या वेळी दारात उभं राहून घ्यायचं. तो एकदा पुढे गेला की परत फिरत नाही. पोळी कोंड्याची, मध्ये पोकळ, गरम असतानाच खावी.

सकाळी पिएदादच्या टेकडीवर. चर्चच्या आवारातून जुन्या गोव्याच्या चर्चांचे मनोरे आणि मांडवीची वळणं एका नजरेत येतात. जवळच्या दफनभूमीतल्या लहान चॅपेलमध्ये कदंबकालीन देवळाची दगडी जाळी अजून आहे. दिवाडीवरचं सप्तकोटीश्वराचं देऊळ म्हणजे कदंब राजांचं कुलदैवत. त्यांच्या बिरुदांत ‘सप्तकोटीश्वरलब्धवरप्रसाद’ असं येतं. सोळाव्या शतकात ते देऊळ पाडलं गेलं आणि लिंग नदीपलीकडे डिचोली महालात नेलं गेलं. त्या गावालाही नार्वेच म्हणतात. म्हणून फेरीवर ‘नार्वे’ म्हणताना कोणतं नार्वे, बेटावरचं की पलीकडचं, ते सांगावं लागतं.

नार्वेच्या फेरीने पलीकडे गेलो की देऊळ जवळच. छत्रपती शिवाजी महाराजांनी ते नव्याने बांधायला घेतलं. दारावरच्या शिलालेखात शके १५९०, कार्तिक वद्य पंचमी, सोमवार अशी तिथी आहे, म्हणजे १३ नोव्हेंबर १६६८. महाराष्ट्रातून येणारा प्रवासी जुन्या गोव्यातली चर्चं पाहतो आणि एवढ्या जवळचा हा लेख न वाचता परततो, याचं फार वाईट वाटतं. सकाळी अकराच्या आत यावं. देवळात गारवा असतो आणि गर्दी नसते.

दुपारनंतरचा वेळ खाजनासाठी. खाजन म्हणजे नदीच्या खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेली सखल जमीन. बांधात जागोजागी मानस, म्हणजे पाणी अडवणारं-सोडणारं दार असतं. एका मानशीसमोर बसून पाहिलं तर सगळी व्यवस्था कळते. लॅटेराइटच्या भिंतीत लाकडी दारं वरच्या बाजूला बिजागरीने टांगलेली. भरतीचं पाणी नदीकडून येतं तेव्हा त्याच्याच दाबाने दार भिंतीला घट्ट चिकटतं आणि शेत कोरडं राहतं. ओहोटीला नदीची पातळी उतरली की आतल्या पाण्याचा दाब दार बाहेर ढकलतो आणि जादा पाणी निघून जातं. मोटर लागत नाही, दार उघडायला माणूसही लागत नाही. बिघडतं ते दोन ठिकाणी. दाराच्या फळ्या झिजल्या की फटीतून खारं पाणी आत झिरपतं. दुसरं म्हणजे खेकडे बांधात बिळं करतात. मुठीएवढं बीळ दोन-चार उधाणांत ओढ्याएवढं होतं, मग आख्खं शेत खारं आणि पुढची काही वर्षं भाताला मुकलेलं. म्हणून बांधावरून चालताना कडेची माती पायाने ढासळवू नये आणि दुचाकी तर बांधावर नेऊच नये. पाहुण्यांच्या गाड्यांनी खचलेल्या बांधाची किंमत गावाला मोजावी लागते.

मानशीवर मासे धरण्याचा हक्क दरवर्षी लिलावाने जातो. रात्री साडेदहाच्या सुमारास बांधावर बसलेला म्हातारा उठला, पाण्यावर बॅटरी मारली आणि म्हणाला, “सुकती लागल्या,” म्हणजे ओहोटी लागली. दार हळूच करकरलं, फटीतून पाण्याची पातळ जीभ बाहेर आली, आणि त्याने तोंडाशी लांब पिशवीसारखं जाळं बसवलं. तासाभराने जाळ्यात सुंगटं (कोळंबी), शेवटे (बोय मासे) आणि दोन काळुंद्रं (ठिपक्यांचे चपटे मासे). काळुंद्राच्या अंगावरचे मोत्यांसारखे ठिपके ओलेपणी स्पष्ट दिसतात. मासा तिथेच विकत मिळतो, पण लिलाव घेतलेल्याकडूनच घ्यावा.

भरतीचं गणित

बेटावर राहायचं तर हे पाठ हवं. तिथीला तीनने गुणून चारने भागलं की भरतीची ढोबळ वेळ मिळते. हा हिशेब मुंबईकडचा. गोव्याच्या किनाऱ्यावर भरती त्याहून साधारण तासभर आधी येते. आजची द्वादशी: बारा गुणिले तीन भागिले चार म्हणजे नऊ, वजा एक, म्हणजे आठ. समुद्राच्या तोंडाशी सकाळी आठ आणि रात्री साडेआठच्या आत भरती, दुपारी दोनच्या सुमारास ओहोटी. नदीत आत यावं तसा उशीर वाढतो, दिवाडीपाशी अर्धा तास धरावा. रोज वेळ सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, म्हणजे मोठी भरती-ओहोटी, अष्टमीला भांग, म्हणजे लहान. दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या खोल नसतात. त्यामुळे बोट किंवा चालत ओलांडणं ठरवताना मुरगाव बंदराच्या भरती-ओहोटी तक्त्यात वेळेसोबत मीटरचा आकडाही पाहायचा.

दिवस तिसरा, त्रयोदशी: चोडण, आणि पुलांची बेटं

भरती सव्वानऊची. म्हणून पहिल्या फेऱ्यांपैकी एक धरून रायबंदर आणि तिथूनच चोडणची फेरी. कामावर जाणाऱ्यांची गर्दी चोडणहून रायबंदरला येते, आपण उलट दिशेला असल्याने जागा मिळते.

डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य चोडणच्या धक्क्याला लागूनच आहे. १.७८ चौरस किलोमीटरचं, कांदळवनाचं, १९८८ साली जाहीर झालेलं. पायवाटेने पक्षी दिसतात पण होडीची सर नाही. होडी साडेसात ते साडेदहा या वेळातच घ्यावी. ओहोटीला आतल्या नाल्यांत वीतभर पाणी राहतं, होडी गाळात रुतते आणि वल्हेकऱ्याला मुख्य पात्रातूनच परत फिरवावी लागते, पैसे मात्र तेवढेच जातात. दर आणि वेळ होडीत पाय ठेवण्याआधी ठरवा. इंजिनाची होडी नको, वल्ह्याची मागा. इंजिनाच्या आवाजाने पक्षी निम्मे उडून जातात. पांढऱ्या-निळ्या रंगाच्या शर्टापेक्षा मातकट कपडे बरे. सोबत डासांचं मलम हवंच.

पाणी उतरू लागलं की दुसरा खेळ. तिवरांच्या श्वासमुळांमधल्या चिखलावर निवट्या नावाचे छोटे मासे उड्या मारू लागतात. खंड्या फांदीवरून त्यांच्याकडेच पाहत असतो. या परिसरात आणि कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत. पाण्यात हात घालणं, काठावर बसून पाय सोडणं हे दोन्ही टाळायचं. मांडवीच्या या भागात पोहण्याचा बेत करूनच कोणी येऊ नये.

दुपारी पूल असलेली बेटं, फक्त तुलनेसाठी. हळदोण्याहून तारांच्या पुलाने खोर्जुव्याला. १७०५ साली पोर्तुगीजांनी सावंतवाडीकर भोसल्यांकडून बेट घेऊन किल्ला बांधला. किल्ला जेमतेम वाड्याएवढा, चारी कोपऱ्यांत बुरूज. पुरुषवेशात सैन्यात राहिलेली मारिया उर्सुला या ब्राझिलियन स्त्रीचं नाव इथे घेतलं जातं. अर्धा तास पुरतो.

सांत इस्तेव्ह, म्हणजे जुवें, हे मराठी वाचकाने चुकवू नये. नोव्हेंबर १६८३मध्ये छत्रपती संभाजी महाराजांच्या सैन्याने इथला किल्ला घेतला तेव्हा जुन्या गोव्यात अशी घबराट उडाली की व्हाइसरॉयने आपला राजदंड सेंट झेवियरच्या शवपेटीत ठेवून शहर त्याच्या हवाली केलं. किल्ल्याच्या जागेवरून मधलं पात्र पाहिलं की ती भीती समजते. जुन्या गोव्याचं राजधानीचं शहर इथून हाकेच्या अंतरावर. जुव्याची भेंडी सात शिरांची, लांब, फिकट हिरवी. बाजारात मागून घ्या, ती पटकन शिजते आणि तार कमी धरते.

या दोन्ही गावांत चांगली घरं मिळतात आणि रुग्णालयाची, किराण्याची सोय दिवाडीपेक्षा बरी आहे. म्हातारी माणसं सोबत असतील तर इथेच राहावं. पण रात्री अकराला पुलावरून स्कूटर येते. एकांतच हवा असेल तर तेवढा फरक पुरतो.

दिवस चौथा, चतुर्दशी: ग्रांदे

समुद्रातलं बेट म्हणून मुरगावजवळच्या ग्रांद्याच्या होड्यांत बसवतात. वाटेत जुवारीकाठी चिखलीजवळ सांत जासिंत दिसतं, बांधरस्त्याने जोडलेलं टीचभर गाव. तिथे लोकांची घरं आहेत, फोटोपुरतं शिरू नये.

ग्रांदे हे दिवसाचं ठिकाण, मुक्कामाचं नाही. पाण्याखाली पाहण्यासाठी जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि सकाळची पहिली होडी. दुपारनंतर वायव्येचा वारा सुटतो, लाट उभी राहते आणि परतीला होडी आपटत येते. उलटीची गोळी निघण्याआधी तासभर घ्यायची, होडीत बसल्यावर घेऊन उपयोग नाही. लाइफ जॅकेटची बक्कल स्वतः लावून ओढून पाहा. उधाणाच्या आगेमागे गाळ ढवळतो आणि पाणी गढूळ दिसतं. चतुर्दशीला तसंच होतं, खडकाजवळचे मासेच काय ते दिसले. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या जवळपास, हीच जागा कितीतरी स्वच्छ असते. होडीत चाळीस जण असतील तर एकांत राहत नाही, हे तिकीट काढण्यापूर्वी माणसं मोजून ठरवावं.

अंजदीवचा विषय दर वेळी निघतो. कारवारसमोरचं ते बेट कारभाराने गोव्याचं, पण नौदलाच्या ताब्यात. डिसेंबर १९६१मध्ये ते घेताना नौदलाचे सात जण धारातीर्थी पडले. तिथे प्रवाशाला प्रवेश नाही आणि ‘लांबून नेतो’ म्हणणाऱ्या होडीत बसूही नये.

दिवस पाचवा, पौर्णिमा: पाळोळ्याचं काणकोण बेट

दत्तजयंती होती. काणकोणच्या वाटेवर जागोजागी पताका. पणजीहून ७० किलोमीटर, रेल्वेने आलं तर काणकोण स्टेशनहून रिक्षा.

पाळोळ्याच्या उत्तर टोकाला काणकोण बेट. ओहोटीला चालत जाता येतं, भरतीला मधली पुळण बुडते. पौर्णिमेला ओहोटी पाचच्या सुमारास. उधाणाला पाणी दोन मीटर चढतं असं धरा, आणि सहा तासांत ते असं चढतं: पहिल्या तासात बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. म्हणजे ओहोटीनंतर पहिल्या तासात १७ सेंटिमीटर, दुसऱ्यात आणखी ३३, तिसऱ्यात ५०. पहिला तास फसवा असतो, माणसाला वाटतं पाणी चढतच नाही. चार ते सहा हीच वेळ, त्यातही डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो.

खडकांवर कालवांची धार असते. चप्पल निसटते आणि तळवा कापतो, मागे पट्टा असलेली सँडल किंवा जुने बूट घाला. बेटावर गोडं पाणी नाही, माणशी एक लिटर न्या. वर झाडी दाट आहे, पायवाटा खडकावर संपतात. समुद्राच्या बाजूच्या खडकांवर लाट अचानक उसळते, तिकडे पाठ करून बसू नये. साडेचारला पलीकडे गेलो तेव्हा खडकांच्या आडोशाला एक बाई कालवं फोडत बसली होती. उलट्या सुरीच्या एका टोल्यात शिंपली उघडे, मांस डब्यात, पाणी परत समुद्रात. साडेपाचला तिने डबा बंद केला, पदर खोचला आणि आमच्याकडे पाहून नुसता हात हलवला: चला.

सहाला पुळणीवर घोट्याच्या वर पाणी होतं. समोरून तीन मुलं कॅमेरा घेऊन बेटाकडे निघाली होती, बाईने त्यांना अडवून मागे वळवलं. पूर्वेला माडांवर चंद्र आला. सात वाजता किनाऱ्यावरून पाहिलं तेव्हा आपण चालत आलो ती पुळण दिसत नव्हती, आणि त्या जागी लाट फुटत होती.